एकशे सदतीसच्या पुढं

साखरखेर्ड्याच्या बाजारात मेहबूब मिस्त्रीचं दुकान विचारलं तर माणूस आधी हसतो, मग रस्ता दाखवतो. "भंगार मेहबूब का? जा सरळ." दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, पण आत शिराल तर वाटेल भंगाराच्या गाडीतच चढलो. चारही भिंतींना खिळे आणि खिळ्यांना जुने मदरबोर्ड टांगलेले. प्रत्येकाला पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. कोणाच्या मशीनमधला, कोणत्या सालचा, कोणती हार्डडिस्क घेतो, कोणती घेत नाही, सगळं त्या चिठ्ठीवर. पोरं टर उडवतात, "चाचा, हे आता कोण घेते?" मेहबूब चष्म्यावरून बघतो. "तुह्या बापाचं मशीन बंद पडलं का येशीनच इथं." आणि येतातच की! पुण्या-मुंबईचे शहाणे म्हणतात नवीन घ्या. इथं वस्तू मेल्याशिवाय कोणी नवीन घेत नाही, आणि मेली तरी आधी मेहबूबकडे आणून खात्री करून घेतात.

चिठ्ठ्या लिहायची ही सवय त्याला आधी नव्हती. ती कुठून लागली, तेच सांगायचं आहे.

मेहबूबचा बाप इस्माईलभाई याच बाजारात मापाडी होता. ज्वारी, तूर, हरभरा, जे येईल ते पायलीनं मापायचा. माप भरलं की वरून आणखी एक मूठ टाकायची त्याची रीत. "इस्माईलचं माप, डोळे मिटून गोणी शिव," असं लोक म्हणायचे. पुढं काटे आले, मापाड्याचा धंदा बसला, तरी मरेपर्यंत म्हाताऱ्याला बाजारात मान होता. मेहबूब रेडिओ शिकला, मग टेप, मग टीव्ही, आणि जालन्याला एकाच्या हाताखाली राहून कॉम्प्युटर. पण बापाचं रक्त कुठं जातं? कमी मापाचं नुसतं नाव काढलं तरी या माणसाच्या कपाळावरची शीर उठते.

त्याचा जिगरी दोस्त गोविंदा फोटोवाला. एका बाकावर शिकले, एकाच मास्तरचा मार खाल्ला. गोविंदाचा स्टुडिओ मेहबूबच्या दुकानापासून चार दुकानं सोडून. लग्न, बारसं, शाळेचा ग्रुप, पासपोर्ट, सगळं त्याच्याकडे. आणि एक काम असं होतं की ते तो कधी उद्यावर टाकत नसे. गावात कोणी गेलं, की तेरवीला पाटावर ठेवायला फोटो लागतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा एकट्याचा फोटो असतोच कुठं? मग घरची माणसं गोविंदाकडे यायची. तो कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून, तिसऱ्या रांगेतून, ते तोंड शोधून काढायचा, मोठं करायचा, डोक्यावर टोपी नीट बसवायचा, शर्टाची कॉलर कुण्या दुसऱ्याची आणून जोडायचा. पंचक्रोशीतल्या भिंतींवर हार घालून टांगलेली अर्धीअधिक माणसं गोविंदाच्या हातची आहेत.

आता ऐका. दोन हजार सहाच्या दिवाळीची गोष्ट. गोविंदानं नवा डिजिटल कॅमेरा घेतला, लग्नांची शूटिंगही कॉम्प्युटरवर उतरवू लागला, आणि जुन्या मशीनमधली डिस्क गच्च भरली. मेहबूबनं जालन्याहून एकशे साठ जीबीची डिस्क आणली. चपट्या, रुंद पट्टीची वायर लावली आणि मशीन चालू केलं. पडद्यावर आकडा आला, एकशे सदतीस.

मेहबूबला कळलं की बोर्ड जुना आहे, याला याच्यापुढं मोजता येत नाही. त्यानं तसं सांगितलंही. "एवढंच दिसन गोविंदा. बोर्डाची ताकद तेवढीच हाय."

गोविंदा मुळातच टिंगलखोर. तो म्हणाला, "काऊन बे? डब्यावर एकशे साठ लिहेल हाय. इस्माईलचाचाचा पोरगा अन् माप तेवीसनं कमी?"

मस्करीच होती. चहा पिता पिता केलेली. पण मेहबूबच्या ती अशी जिव्हारी लागली की त्याला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जालन्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, विंडोजमध्ये आत एक आकडा बदल, पूर्ण दिसेल. वर हेही म्हणाला, की पण बोर्ड जुना असेल तर नको करू. मेहबूबनं पहिलं ऐकलं, दुसरं ऐकून सोडून दिलं. आकडा बदलला आणि पडद्यावर सगळी जागा दिसायला लागली. त्यानं गोविंदाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "घे. मोज आता."

त्याच आनंदात मेहबूबनं टेबलावरचा नवा कॅमेरा उचलला. "साऱ्या गावाचे फोटो काढतं, तुहा एक तरी असू दे." गोविंदा तोंड लपवायला गेला, मग हसला, आणि तेवढ्यात मेहबूबनं खटका दाबला. तो फोटो त्या नव्या डिस्कवर पडलेला पहिला फोटो.

पुढं जे झालं ते मापाच्या भाषेतच सांगतो. समजा, एक मापाडी आहे, त्याला एकशे सदतीसपर्यंतच मोजता येतं. तेवढ्या गोण्या भरेपर्यंत तो चोख काम करतो. एकशे अडतिसावी आली, की बिचारा परत एकपासून सुरू करतो आणि नवा माल पहिल्या गोणीत, आधीच्या मालावर ओततो. त्याला कळत नाही, मालकाला कळत नाही. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. दोन हजार आठच्या लग्नसराईत डिस्क त्या आकड्याच्या पुढं गेली, नवे फोटो जुन्यांच्या उरावर बसले, आणि मेच्या एका सकाळी मशीननं डिस्क कोरी आहे म्हणून सांगितलं.

गोविंदा धावत आला. अंगात नुसती बनियान. "मेहबूब, सोळा लग्नं हायेत बे त्याच्यात."

मेहबूबनं डिस्क काढली, हातात धरली, आणि त्याच क्षणी त्याला जालन्याच्या माणसाचं ते दुसरं वाक्य आठवलं. तेव्हा दिवसाचे दहा-दहा तास लाईट जायची, यायची तेव्हा दणका देऊन यायची. गावातलं काहीही जळलं की नाव लाईटीचं. मेहबूबच्या तोंडून शब्द निघून गेले, "डिस्क लाईटीनं गेली रे."

चार शब्द. एवढ्यावर भागलं. गोविंदानं एकदाही विचारलं नाही, की कसं काय? दोस्तानं सांगितलं ना, मग झालं. "लाईटीवर कोणाचा जोर?" एवढंच म्हणाला. मग सोळा घरी स्वतः पायानं गेला. दुसरबीडला गेला, आजूबाजूच्या खेड्यांत गेला, दारात उभा राहून हात जोडले. कोणी शिव्या दिल्या, कोणी म्हणालं यानं फोटो दुसऱ्याला विकले. दुसऱ्या वर्षी लग्नाचं काम मेहकरच्या स्टुडिओकडे जायला लागलं. मोबाइल आले तेव्हा तर उरलंसुरलंही संपलं. स्टुडिओला कुलूप लागलं, गोविंदा दोन एकरांत राबायला लागला. डिस्क त्यानं मेहबूबलाच देऊन टाकली होती. "ठेव तुह्याजवळ. माह्या समोर नको."

मेहबूबनं ती बापाच्या जुन्या फेट्याच्या चिंधीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक बोर्डाला चिठ्ठी लावू लागला. पुढं चार-पाच वर्षांनी त्याला हेही कळलं, की अशी डिस्क पूर्ण मरत नाही, वरचा थर गेला तरी खालचं पुष्कळ निघतं. तरी त्यानं पेटी उघडली नाही. लाईटीनं जळालेली डिस्क बोलती झाली असती तर गोविंदानं विचारलं असतं, हे कसं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! दर ईदला शीरखुर्मा घेऊन जायचा, सांगीन सांगीन म्हणायचा, आणि वाटी रिकामी करून परत यायचा.

यंदा पौषात गोविंदा गेला. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्याचं तोंड एका बाजूला ओढलं होतं, बोलणं समजत नसे. तिसऱ्या दिवशी मेहबूब भेटीला गेला. गोविंदाची बायको शालूबाई भिंतीला टेकून बसली होती. बायका होत्या, त्या जरा सरकल्या.

"मेहबूबभाऊ," शालूबाई म्हणाली, "तेरवीले ठेवाले त्याईचा फोटो नाही."

मेहबूब तिच्यासमोर खाली बसला.

"साऱ्याईचे काढले, सोताचा काढला नाही. आधारवरचा हाय, तो वळखू येत नाही. मोबाइलवर पुतण्यानं काढेल हायेत, त्याच्यात तोंड वाकडं हाय. ते वाकडं तोंड मी दोन वर्सं पुसलं भाऊ. ते मले भिताडावर नाही पाह्याचं." तिनं पदर तोंडाला लावला, मग म्हणाली, "ते म्हनत, मेहबूबनं माहा एक चांगला फोटो काढेल हाय. पन तो त्या जळेल डिस्कात हाय. त्याच्यातून काहीच निंघत नसन?"

"पाह्यतो वहिनी," मेहबूब म्हणाला. घराबाहेर आल्यावर त्याला चप्पल सापडेना, समोर असून सापडेना.

घरी येऊन त्यानं पेटी उघडली. बिलकिसनं, त्याच्या बायकोनं, दारातून पाहिलं. अठरा वर्षांत ती चिंधी सुटलेली तिनं पाहिली नव्हती. तो सगळं तिला सांगून मोकळा झाला, पहिल्यांदाच. ती खाटेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "निकला तो निकला, नहीं निकला तो नहीं. लेकिन मय्यत के घर में झूट लेके मत जाव जी."

डिस्क जुन्या रुंद पट्टीची. आजच्या मशीनला ती पट्टी लावायला जागाच नसते. बाजारात एक जोडवायर मिळते, ती त्यानं लावून पाहिली, तर डिस्क नुसती कण्हली आणि बंद पडली. दुकानातले जुने बोर्ड होते, पण चिठ्ठ्या वाचता वाचता त्याचा हात थांबला. 'एकशे सदतीसच्या पुढं मोजत नाही.' दुसऱ्यावरही तेच, तिसऱ्यावरही तेच. पट्टी घेणाऱ्याला मोजता येत नव्हतं, मोजणारे पट्टी घेत नव्हते. मधल्या तीन-चार वर्षांत असे बोर्ड आले होते की ज्यांना दोन्ही जमायचं. तसला एक अजून चालू होता, दुसरबीडला, योगिनीच्या ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात. त्यानंच दुरुस्त करून चालता ठेवलेला.

योगिनीच्या दुकानात सातबाऱ्यासाठी माणसं बसलेली. "काका, आज मशीन बंद ठेवू?" तिनं कपाळाला हात लावला. "कोणाचं काम हाय एवढं?"

"गोविंदा फोटोवाल्याचं. तेरवीचा फोटो काढाचा हाय."

पोरगी उठली. तिच्या आजीचा भिंतीवरचा फोटो गोविंदाच्याच हातचा होता. लोकांना म्हणाली, उद्या या.

मेहबूबनं बोर्डाला पट्टी लावली. आता घाई करणारा तो मेहबूब उरला नव्हता. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, आधी पूर्ण डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून घ्यायची आणि मग त्या नकलेत शोधायचं. पडद्यावर आकडा आला, पूर्ण. एकशे सदतीस नाही, पूर्ण. मेहबूबनं डोळे मिटले. सकाळी नऊला लावलेलं काम दुपार कलून असरच्या नमाजेची वेळ होईपर्यंत चाललं. मधे डिस्क दोनदा कटकटली. त्याला एकच भीती होती. नवा माल पडला होता तो पहिल्या गोणीवर, आणि गोविंदाचा फोटो पहिल्याच गोणीत होता.

फोटो निघायला लागले. शेकड्यानं, हजारानं. हळदीनं माखलेल्या नवऱ्या, पंगतीत वाढणारे हात, फेटे बांधलेले व्याही. तरणीताठी दिसणारी माणसं, त्यातली कितीतरी आता मातीत गेलेली. आणि सगळी इथंच होती. अठरा वर्षं त्याच्या पेटीत, त्याच्या खाटेखाली. त्यानं तेव्हाच खरं सांगितलं असतं तर जालन्याच्या, औरंगाबादच्या कोणीतरी हे काढून दिलं असतं. गोविंदानं सोळा दारं पुजली ती या फोटोंसाठी नव्हतीच, मेहबूबच्या चार शब्दांसाठी होती. मेहबूब त्या खुर्चीत बसून रडला. योगिनीनं पाणी आणून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली.

दिवेलागणीला तो फोटो सापडला. अर्धाच. खाली छातीपासून सगळं करडं, त्यात रंगाच्या चिरफाळ्या. वर मात्र गोविंदा होता, तोंड लपवता लपवता हसलेला, सरळ तोंडाचा, कॅमेऱ्याकडं नाही तर कॅमेरा धरणाऱ्याकडं बघणारा.

"खालचं मी भरून देते काका," योगिनी म्हणाली, "आजकाल मशीन शर्ट-बिर्ट बनवून देते."

"नको. हाय तेवढाच दे."

तेरवीच्या आदल्या दिवशी तो चौकट घेऊन शालूबाईकडे गेला. तिनं फोटो मांडीवर घेतला आणि ओठांच्या त्या सरळ रेषेवरून बोट फिरवत राहिली. आता उठून निघून आला असता तरी दुनिया त्याला देवमाणूस म्हणाली असती. पण तो बसून राहिला, आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. आकडा, मस्करी, जालन्याचा फोन, लाईट. काहीच राखून ठेवलं नाही.

शालूबाईनं सगळं ऐकून एकच विचारलं. "मंग हे फोटो तवाही निंघाले असते?"

"हाव, वहिनी."

चुलीवरचं आधण उतू गेलं, कोणी उठलं नाही. मग म्हणाली, "ते तुमाले भाऊ मानत होते. मी आता काय बोलू? शिव्या देऊन ते वापस येत नाहीत." फोटो तिनं पदरानं पुसला. "पन एक करा. सोळा घरचे फोटो निंघाले ना? ते सोळा घरी तुमीच घेऊन जा. पायानं. ते गेल्ते तसे. अन् फोटो लाईटीनं नव्हते गेले, म्हनून सांगा. त्याईच्या नावावरचं तेवढं पुसा."

"जातो," मेहबूब म्हणाला.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो निघाला. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरतात, तरी गाडी घेतली नाही. पहिलं घर पंजाबराव पाटलांचं. दोन हजार आठच्या वैशाखात त्यांच्या अर्पिताचं लग्न झालं होतं, सोळातलं सगळ्यात मोठं. पंजाबराव ओसरीत खुर्चीवर होते, ऐंशीला टेकलेले. मेहबूबनं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि उभ्यानंच सांगितलं. "पाटील, तवा फोटो लाईटीनं नव्हते गेले. चूक माही होती. गोविंदाचा काही दोष नव्हता."

पंजाबरावांनी फोटो डोळ्यांजवळ धरले. एका फोटोशी थांबले. त्यांची बायको, सहा वर्षांपूर्वी गेलेली, लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकत होती. मेहबूबला वाटलं, आता उठतील, काठी घालतील, तरी चालेल. पंजाबराव फोटोकडं बघतच बोलले.

"तो इथंच उभा होता. तू उभा हायेस तिथंच. भर उन्हाचा. हात जोडून." त्यांना दम लागला. "म्या त्याले बस नाही म्हनलं मेहबूब. पानी नाही इचारलं. आपल्या दारात आलेल्या मानसाले म्या पानी नाही इचारलं."

मग त्यांनी आत हाक मारली. सून तांब्या आणि पेला घेऊन आली. पंजाबरावांनी स्वतः ओतून पेला मेहबूबच्या हातात दिला, म्हणाले, "पी. उन्हाचा आला हायेस." मेहबूबनं तो पेला दोन्ही हातांनी धरला. घशाला कोरड पडली होती, पण पाणी तोंडाला लावता येईना. पंधरा घरं अजून बाकी होती.